चाळीतला कांदा आतून सडतोय: फवारणीआधी चार कांदे चिरून बघा

प्रश्न चांदवडकडच्या एका कांदा उत्पादकाचा आहे. थोडक्यात असा: "एप्रिलअखेर उन्हाळ कांदा चाळीत भरला. जूनच्या सुरुवातीपर्यंत ठीक होता. पाऊस सुरू झाल्यावर चाळीजवळ आंबूस-कुजका वास यायला लागला, खालच्या बांबूंतून पाणी ठिबकतंय. कांदा वरून चांगला दिसतो, पण दाबला की मानेतून पिवळसर पाणी येतं. काढणीच्या आधी दोन वेळा अवकाळी झाला होता. दुकानदार म्हणतो स्ट्रेप्टोसायक्लिन आणि कॉपर मिसळून चाळीत फवारा, शेजारी म्हणतात गंधकाची पावडर टाका. खालच्या रानातल्या फ्लॉवरच्या गड्ड्यालाही तसाच वास आहे. रोग एकच आहे का, आणि आता काय करू?"

दादा, पहिली गोष्ट ही की चाळीत काहीही फवारू नका आणि कसलीही पावडर टाकू नका. फवारणी म्हणजे चाळीत पाणी, आणि आत्ता तिथे पाणीच नको आहे. दुसरं म्हणजे सड कांद्याच्या आत आहे, औषध राहणार वरच्या पापुद्र्यावर. आतल्या पाकळीपर्यंत ते पोचतच नाही. गंधकाची पावडर बुरशीसाठी असते, जिवाणूंशी तिचा काही संबंध नाही. आणि हा कांदा उद्या कुणाच्या तरी ताटात जाणार आहे, तेव्हा साठवलेल्या मालावर शेतातली औषधं टाकण्याचा विचार तसाही करायचा नसतो.

आज करायचं काम वेगळं आहे, पण त्याआधी दहा मिनिटं द्या आणि चार ठिकाणचे कांदे चिरून बघा. चाळीच्या तळातला एक, मधल्या थरातला एक, कडेच्या जाळीजवळचा एक आणि वरचा एक. आडवा काप देऊ नका. मानेपासून तळापर्यंत उभा चिरा, म्हणजे सड कुठून कुठे गेली ते दिसतं.

मानेपासून सुरू होऊन आतल्या दोन-तीन पाकळ्या पाणीदार, काचेसारख्या झाल्या असतील, बोटाने दाबल्यावर त्यांचा लगदा होत असेल आणि नाकाला न सोसणारी कुजकी घाण येत असेल, तर ती मऊ सड. हिचा जिवाणू पेक्टोबॅक्टेरियम कॅरोटोव्होरम. जुन्या पुस्तकांत आणि अनेक औषधांच्या पत्रकांत तो अजून एर्विनिया याच नावाने सापडेल. एल. आर. जोन्स या शास्त्रज्ञाने १९०१ मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये गाजराच्या सडीतून त्याचं वर्णन केलं, म्हणून नावात गाजर आहे. खातो मात्र तो गाजर, बटाटा, कोबी, फ्लॉवर, मुळा, कांदा, मिरची, सगळंच.

दुसरा प्रकार जास्त फसवा. बाहेरच्या पाकळ्या घट्ट, आतला गाभा घट्ट, आणि मधलीच एखादी पाकळी पिवळट-तपकिरी, बुळबुळीत. वास कुजका कमी आणि व्हिनेगरसारखा आंबट जास्त. ही आंबट सड, जिवाणू बर्खोल्डेरिया सेपॅशिया. न्यूयॉर्क राज्यातल्या कांद्यांवर वॉल्टर बर्खोल्डर यांनी १९५० मध्ये हा रोग पहिल्यांदा मांडला, पुढे जिवाणूच्या गटालाच त्यांचं नाव मिळालं. हाच जिवाणू फुप्फुसाचे जुनाट आजार असलेल्या रुग्णांना त्रास देतो म्हणून डॉक्टर मंडळीही त्याला ओळखून आहेत. घरात असा रुग्ण असेल तर सडका कांदा निवडायला त्याला बसवू नका. बाकीच्यांनी हातमोजे घातले, काम झाल्यावर हात साबणाने धुतले की पुरे.

याचाच एक भाऊबंद आहे. त्यात तळाशी चिमटीत धरून कांदा दाबला की आतला सगळा गाभा मानेतून सुळकन बाहेर निसटतो. हे एकदा पाहिलं की पुन्हा विसरत नाही. उपाय तिन्हींचे जवळपास सारखेच, त्यामुळे नेमकं नाव कळलं नाही म्हणून अडून बसू नका.

अडायचं ते बुरशीपाशी. तळाकडून, मुळ्यांच्या चकतीपासून सड चढत असेल, तिथे पांढरट किंवा गुलाबी कापूस दिसत असेल, मुळ्या सहज तुटून येत असतील, तर ती फ्युजेरियमची तळकूज. वरच्या पापुद्र्याखाली काजळीसारखी काळी भुकटी असेल आणि ती बोटाला लागत असेल, तर ती अ‍ॅस्परजिलस नायजरची काळी बुरशी. या दोन्हींत कांदा बराच काळ कोरडा राहतो, वासही एवढा सुटत नाही. तुम्ही सांगता ते पाणी, तो वास आणि मानेकडून येणारी गळती ही सगळी लक्षणं जिवाणूंची आहेत. मात्र बुरशीने पोखरलेल्या कांद्यात मागून जिवाणू शिरतात आणि मग दोन्ही एकाच कांद्यात सापडतात. म्हणून सगळ्यात जास्त सडलेला कांदा तपासायला घेऊ नका, त्यात काय नाही तेच विचारावं लागेल. नुकती सुरुवात झालेला कांदा खरं सांगतो.

खात्री करायची असेल तर घरच्या घरी एक सोपा प्रयोग आहे. एक चांगला बटाटा धुऊन, पुसून, स्वच्छ सुरीने त्याच्या अर्धा इंच जाडीच्या दोन चकत्या करा. झाकणाच्या डब्यात ओला कागद अंथरून त्यावर ठेवा. एका चकतीवर सडक्या पाकळीचा ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा ठेवा, दुसरी तशीच राहू द्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पहिल्या चकतीला तुकड्याखाली खड्डा पडून लगदा झाला आणि दुसरी कडक राहिली, तर मऊ सडीचा जिवाणू आहे असं धरून चाला. काहीच झालं नाही आणि कांद्याला आंबट वास आहे, तर संशय आंबट सडीवर. प्रयोगशाळेची सर याला येत नाही, पण औषधाच्या दुकानात उभं राहून ऐकलेल्या निदानापेक्षा हे कधीही बरं. नंतर तो डबा गरम पाण्याने धुवा आणि चकत्या पुरून टाका.

आता चाळीचं काम. पावसाची उघडीप बघा, ऊन-वारा असलेला दिवस धरा, दवाचा ओलावा गेल्यावर सुरू करा. चाळ एका टोकाकडून पूर्ण रिकामी करत जायची. वरवरचे कांदे निवडून खालचे तसेच ठेवले तर उपयोग होत नाही, कारण सडक्या कांद्याचं पाणी खाली उतरतं आणि खरा माल तळाशी बिघडलेला असतो. सडलेला कांदा थेट वेगळ्या घमेल्यात. त्याला चिकटून असलेले, ओले झालेले कांदे दुसरीकडे, ते वरून कितीही ठणठणीत दिसोत. पूर्ण कोरडे आणि घट्ट कांदे तिसरीकडे. सडका कांदा उचललेल्या हातानेच चांगला कांदा चाचपायचा नाही. निवडणाऱ्या बायकांना हे एकदा नीट समजावून सांगा, घमेली बदलून द्या, नाहीतर निवडणीतूनच रोग पसरतो. आणि कांदा फेकू नका. दोन-तीन फुटांवरून ट्रॉलीत आपटलेला कांदा बाहेरून फुटत नाही, आत दबतो, आणि दबलेल्या जागी आठ-पंधरा दिवसांत सड धरते. मजुरी उक्ती दिली की घाई होते, घाईत माल आपटला जातो. या कामापुरते रोजाने लोक लावा.

ओला झालेला, संशयित माल सावलीत, वाऱ्यावर पातळ पसरून दोन-तीन दिवस सुकवा आणि मिळेल त्या भावाने लगेच विका. तो परत चाळीत भरू नका. भाव वाढेल या आशेवर हाच माल ठेवला जातो आणि मग चांगल्यालाही घेऊन जातो. कोरडा, घट्ट माल तेवढा परत भरा, तोही चाळ साफ झाल्यावर. बांबू, फळ्या, जाळी यांवरची चिकट घाण आधी खरडून, पाण्याने धुऊन काढा, मग लिटरला ३० ग्रॅम ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून त्याची निवळी मारा. क्रम महत्त्वाचा आहे: घाण तशीच असेल तर ब्लीचिंगचा जोर तिच्यावरच खर्ची पडतो. पूर्ण वाळेपर्यंत थांबा. जुलैत याला दोन दिवसही लागतील. घाईने ओल्या बांबूवर कांदा भरण्यापेक्षा तो तेवढे दिवस शेडमध्ये पसरलेला बरा.

हे एवढं झटपट कसं बिघडतं, महिनाभर काही नव्हतं आणि आठ दिवसांत चाळ कशी बसली, असं तुम्हाला वाटत असेल. त्याचं कारण या जिवाणूच्या वागण्यात आहे. भाजीच्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या पदार्थाने जोडलेल्या असतात, विटांमध्ये चुना असतो तसा. मऊ सडीचा जिवाणू हे पेक्टिन विरघळवणारे विकर (एन्झाइम) सोडतो. जोड सुटला की पेशी ढासळतात, त्यांच्यातला रस बाहेर पडतो आणि तोच जिवाणूचं खाद्य होतो. पण संख्या थोडी असताना हा जिवाणू ही विकरं फारशी सोडत नाही. जिवाणू एकमेकांना रासायनिक निरोप देत असतात, आणि संख्या पुरेशी झाल्याचा अंदाज आला की सगळे मिळून हल्ला करतात. तोवर कांदा निरोगी दिसतो, चिरला तरी काही दिसत नाही. म्हणजे तुमच्या चाळीत जूनमध्ये रोग आला नाही. तो एप्रिलमध्ये कांद्याबरोबरच आत आला होता. जूनच्या दमट हवेने त्याला फक्त वाव दिला.

मऊ सडीला २५ ते ३० अंश उष्णता मानवते, आंबट सडीला तीसच्या वरही चालते. दोन्हींना शिरायला जखम लागते आणि पसरायला पाणी. धडधाकट, कोरड्या पापुद्र्यातून यातला एकही जिवाणू आपल्या बळावर आत जाऊ शकत नाही. सगळा इलाज या एका गोष्टीवर उभा आहे, म्हणून औषधापेक्षा मी काढणीबद्दल जास्त बोलणार आहे.

तुमच्या कांद्यात तो कसा शिरला असेल? अवकाळीचं तुम्ही स्वतःच लिहिलंय. काढणीला आलेल्या कांद्याची मान मऊ पडलेली असते, पात आडवी होत असते. त्या वेळी वाऱ्याचा पाऊस झाला की पात मोडते, मातीचे शिंतोडे पातीच्या बेचक्यात बसतात आणि तिथलं पाणी मानेतून थेट आतल्या पाकळीत उतरतं. कांद्याची प्रत्येक पाकळी म्हणजे एका पातीचाच खालचा भाग. जी पात मोडली तिच्याच पाकळीत सड सापडते, शेजारच्या पाकळ्या चांगल्या राहतात. आंबट सडीत मधलीच एखादी पाकळी का जाते, त्याचं उत्तर हेच. गारपीट झाली तर जखमांना मोजदादच नाही. फुलकिडे पात खरवडतात तेही एक दार. तुषार सिंचनाने शेवटपर्यंत पाणी दिलं असेल तर रोज थोडा अवकाळी आपणच पाडला असं समजा.

त्यात नत्राचा भाग मोठा आहे. रब्बी कांद्याला हेक्टरी साधारण १०० ते ११० किलो नत्र पुरतं आणि तेही लागवडीनंतर पहिल्या दीड महिन्यात देऊन संपवायचं असतं. आपल्याकडे काय होतं? कांदा पोसावा म्हणून अडीच महिन्यांनीही युरियाची गोणी पडते. कांदा फुगतो, वजन भरतं, पण मान जाड राहते, पात हिरवी राहते, वेळेवर माना पडत नाहीत. जाड मानेचा कांदा चाळीत मिटत नाही, आणि न मिटलेली मान म्हणजे जिवाणूला उघडं दार. जोड कांदा आणि डेंगळ्याचा (फुलाचा दांडा आलेला) कांदाही याच कारणाने टिकत नाही. फुलाचा दांडा मधून वाळला की पोकळी उरते. हे दोन्ही काढणीतच बाजूला काढून आधी विकायचे.

काढणीचं वेळापत्रक बहुतेकांना माहीत असतं, पाळलं जात नाही. निम्म्या माना पडल्या की काढणी, आणि त्याआधी दहा-पंधरा दिवस पाणी बंद. उपटल्यावर कांदा शेतातच तीन-चार दिवस पातीसकट सुकवायचा, एका ओळीची पात पुढच्या ओळीच्या कांद्यावर येईल अशा रीतीने, म्हणजे कांदा उन्हाने भाजत नाही. उघड्यावर भाजलेल्या कांद्यावर पांढरट, मऊ डाग पडतो आणि सडीची सुरुवात तिथूनच होते. पात पूर्ण सुकल्यावर मान पिळवटून एक-दीड इंच ठेवून कापायची. तुमच्याकडे कापणीला काटणी म्हणतात. काटणीच्या बायका हिरव्या पातीवरच विळा चालवतात आणि मान कांद्याला लागून कापतात, कारण त्यांना गोणीमागे पैसे मिळतात. हिरवी मान कापली की तिथून रस येतो आणि त्याच विळ्याने पुढचा कांदा कापला जातो. एका सडक्या कांद्याने पुढचे किती बाधित होतात याचा हिशेब कोण ठेवणार! काटणीनंतर दहा-बारा दिवस सावलीत पोळ (ढीग) घालून सुकवा. मान चिमटीत फिरवल्यावर कागदासारखी कुरकुरली, दोन्ही बोटांमध्ये ओलसरपणा जाणवला नाही, की कांदा चाळीसाठी तयार.

पोळ शेतात उघडी असताना पाऊस आला तर काय? २०२५ चा मे आठवून बघा. २६ मेलाच मान्सून मुंबईत दाखल झाला, त्याआधी महिनाभर ठिकठिकाणी वळीव कोसळत होता आणि नाशिक-अहिल्यानगर भागात काढलेला कांदा शेतातच भिजला. अशा वेळी पोळीवर प्लास्टिक टाकावंच लागतं, पण पाऊस थांबल्याबरोबर ते काढावं लागतं. ऊन पडल्यावर प्लास्टिकखाली कांदा घामेजतो आणि त्या गरम वाफेत जे होतं ते पावसाने झालं नसतं. पोळीची जागा उंचवट्यावर, खाली पाणी वाहून जाईल अशी निवडा. भिजलेला कांदा चाळीत भरूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. भाव पडलेला असला तरी तो विकावा. भिजून पुन्हा वाळवलेला कांदा वरून सुंदर दिसतो, त्याचा भरवसा नाही.

चाळीबद्दल थोडं. अनुदानावर बांधलेल्या चाळींचे आराखडे चांगले आहेत, गडबड नंतर होते. जमिनीपासून दीड-दोन फूट उंच तळ, तळाला आणि दोन्ही बाजूंना फटी, ढिगाची रुंदी चार फुटांच्या आत, उंची चार-पाच फुटांच्या आत. एक पाखी (एका रांगेची) चाळ दक्षिणोत्तर, दोन पाखी (दोन रांगांची) पूर्व-पश्चिम. जास्त माल आला की लोक ढीग सहा-सात फुटांवर नेतात, मधल्या वाटेतही कांदा ओततात. कांदा जिवंत आहे, श्वास घेतो, उष्णता आणि ओलावा सोडतो. उंच ढिगात तो ओलावा मध्ये अडकतो आणि तळाच्या कांद्यावर भार पडतो. उघड्या पत्र्याचं छप्पर दुपारी तापतं आणि पावसाळ्यात पहाटे त्याच्या आतल्या बाजूने थेंब सुटतात. पत्रा असेल तर त्यावर उसाचं पाचट टाका. चाळीच्या तळाखाली साठलेला पाला, गवत, जुन्या सडीचा चिखल काढून टाका, तिथून वारा खेळला पाहिजे. पावसाचा झोत अडवायला लावलेली ताडपत्री दिवसा गुंडाळून ठेवायची. कांद्याच्या साध्या साठवणीसाठी हवेतला दमटपणा ६५ ते ७० टक्के आणि उष्णता २५ ते ३० अंश योग्य मानतात. नाशिकच्या जुलै-ऑगस्टमध्ये दमटपणा याच्या कितीतरी वर असतो, म्हणून वारा हाच आधार. काही जण चाळीखालून पंख्याने हवा देतात. उघडीप असताना ते चांगलं आहे, पण धो धो पावसात ओली हवा आत ढकलण्यात अर्थ नाही.

लासलगावच्या विकिरण केंद्राबद्दलही लोक विचारतात. भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये ते सुरू केलं. तिथे दिला जाणारा गॅमा किरणांचा डोस कोंब येणं थांबवतो. सड थांबवत नाही, एवढ्या डोसाने जिवाणू मरत नाहीत. आधीच बाधित असलेला कांदा तिथे नेऊन पैसे घालवू नका.

आता फ्लॉवर. वास सारखा आहे म्हणजे मऊ सडीचाच जिवाणू असण्याची शक्यता दाट आहे, आणि तो दोन्ही पिकांवर येतो. चाळीतून फ्लॉवरवर गेला का? जाऊ शकतो, विशेषतः सडका कांदा बांधावर, विहिरीच्या कडेला किंवा शेणखताच्या उकिरड्यात टाकला असेल आणि पावसाचं पाणी तिथून खालच्या रानात उतरत असेल तर. तुमचं फ्लॉवर खालच्या रानात आहे, म्हणून हे आधी बघा. पण फ्लॉवरमध्ये तो स्वतःहून फार कमी येतो. त्याच्या आधी कुणीतरी वाट करून दिलेली असते, आणि ती वाट शोधल्याशिवाय उपाय होत नाही.

पानाच्या कडेला इंग्रजी व्ही अक्षरासारखा पिवळा डाग, त्याचं टोक मधल्या शिरेकडे, आणि डागातल्या शिरा काळ्या, असं असेल तर तो काळा कुजव्या, झँथोमोनास कॅम्पेस्ट्रिस. हा बियाण्यातून येतो आणि पानाच्या कडेवर सकाळी जे पाण्याचे थेंब येतात त्यांतून आत शिरतो. देठ आडवा चिरला तर शिरांची काळी वर्तुळं दिसतील. तसं दिसलं तर या हंगामात नवीन पानं वाचवण्यापुरतीच कॉपरची फवारणी कामाची. पुढच्या वेळी बियाणं ५० अंशांच्या पाण्यात २० मिनिटं ठेवून लगेच गार करून सावलीत वाळवून पेरा. थर्मामीटर हवाच, अंदाजाने केलं तर एकतर रोग राहतो नाहीतर उगवण जाते. कंपनीने आधीच प्रक्रिया केलेल्या, रंगीत लेप लावलेल्या संकरित बियाण्याला हे करायचं नाही.

व्ही डाग नसतील तर खोड उभं चिरा. आत पोकळी आणि तिच्या भिंती तपकिरी असतील तर बोरॉनची कमतरता. त्या पोकळीत पाणी साचतं आणि सड तिथून गड्ड्यात चढते. अळीची भोकं आणि विष्ठा दिसली तर दार अळीने उघडलं. यातलं काहीच नाही आणि गड्ड्यावर पाणी साचून वरूनच तपकिरी, बुळबुळीत डाग पडत असतील, तर पावसात पानं बांधून गड्डा झाकल्याचा तो परिणाम असू शकतो. उन्हाळ्यात पानं बांधून गड्डा पांढरा राहतो, पावसाळ्यात तेच बांधलेलं ओलं घर होतं. बाधित झाडं मुळासकट उपटा, पिशवीत घालून बाहेर न्या, रानातून ओढत नेऊ नका. झाडं ओली असताना त्या रानात कुणी फिरू नये, खुरपणी तर नकोच.

औषधाचं शेवटी सांगतो, कारण त्याची जागा शेवटीच आहे. उभ्या पिकात, गारपीट किंवा वाऱ्याच्या पावसानंतर लगेच, जखमा ताज्या असताना कॉपर ऑक्सिक्लोराईड ५० टक्के लिटरला अडीच ते तीन ग्रॅम या प्रमाणात फवारल्याने नवीन शिरकाव कमी होतो. कांद्याच्या पातीवर मेण असतं, म्हणून स्टिकर (औषध पातीला चिकटवणारं द्रव्य) घालावाच लागतो. दोन-तीन दिवस गेल्यावर, सड आत गेल्यावर तीच फवारणी फुकट. घेताना डब्यावरच्या लेबलवर तुमचं पीक आहे का आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं ते वाचा. स्ट्रेप्टोसायक्लिनबद्दल माझं मत कडक आहे. त्यात स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन असतं, ही माणसाच्या दवाखान्यातली प्रतिजैविकं आहेत. शेतातल्या जिवाणूंना त्यांची सवय लागते आणि केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्येच स्ट्रेप्टोमायसिन-टेट्रासायक्लिनचा शेतीतला वापर बंद करण्याचा मसुदा काढलेला आहे. दुकानदार पुडी देतो म्हणून ते वापरायला योग्य ठरत नाही. निर्यातीचा माल असेल तर विषयच संपला.

पुढच्या हंगामात त्या रानात कांद्यावर कांदा घेऊ नका. कोबी, गाजर, बटाटाही नको. मका, बाजरी, ज्वारी किंवा गहू घ्या. तृणधान्यांवर मऊ सडीच्या या जिवाणूचं फारसं भागत नाही. साठवणीसाठी जात निवडताना पातळ मानेची, वेळेवर माना टाकणारी बघा. एन-२-४-१, भीमा शक्ती, भीमा किरण, अ‍ॅग्रीफाउंड लाईट रेड या टिकणाऱ्या आहेत. लाल खरीप कांदा चाळीचा नव्हेच, त्याच्याकडून टिकण्याची अपेक्षा करू नये. घरचं बियाणं धरत असाल तर त्यासाठी ठेवायचे गोट कांदे चाळीच्या शेवटी, सगळ्यात जास्त टिकलेल्यांतून निवडा.

राहिला सडक्या मालाचा प्रश्न. रानापासून आणि विहिरीपासून लांब, पाणी वाहून येणार नाही अशा जागी तीन-चार फूट खड्डा घ्या, थरावर थर माती आणि चुना टाकून पुरा. शेणखतात मिसळू नका, आपला उकिरडा सगळीकडून सारखा तापत नाही. आणि जनावरांना घालू नका. चांगला कांदासुद्धा गाई-म्हशींना जास्त झाला तर त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, लघवी लालसर-काळपट होते, जनावर खाणं सोडतं आणि दगावूही शकतं. शेळ्या-मेंढ्या त्या मानाने जास्त सोसतात, पण सडका माल त्यांनाही नको. एखाद्या गाईने आधीच ढिगात तोंड घातलं असेल आणि लघवीचा रंग बदललेला दिसला, तर संध्याकाळची वाट न बघता पशुवैद्यकाला बोलवा आणि कांदा खाल्ल्याचं त्यांना आधी सांगा.